गेलाय... फेकून द्या!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि थोडं चिडून लिहितोय. तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो. नातेवाइकांपैकी जे हे वाचतात (आत्या, तूसुद्धा!) त्यांनी आपलं नाव कुठे येतंय का ते शोधत बसू नये. मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही. ज्याचं त्याला कळेल :)

तर, आपल्या भाषेतल्या एका शब्दाचा मला अलीकडे भयंकर राग यायला लागलाय. तो शब्द म्हणजे 'गेलाय'. मिक्सर गेलाय. पंखा गेलाय. इस्त्री गेलीये. एकदा हा शब्द उच्चारला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, 'फेकून द्या, नवीन घ्या.' दोन वाक्यांत आरोप, सुनावणी आणि फाशी! मधे साक्षीपुरावा वगैरे भानगडच नाही. आणि असं म्हणणारा माणूस व्यवहारी ठरतो. 'थांबा, जरा बघू तरी काय झालंय' म्हणणारा रिकामटेकडा.

मी हा दुसरा माणूस आहे. २०२४च्या दिवाळीत या रिकामटेकडेपणाचं चीज झालं, त्याची ही गोष्ट.

झालं असं, की आमच्या आजीचा जन्म १९२४चा. डिसेंबरमध्ये सगळ्या चुलत, आते, मामे भावंडांनी साताऱ्याच्या घरी जमायचं आणि आजीची शंभरी साजरी करायची असं ठरलं. आजी जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. पण तिचा आवाज घरात होता. काकांनी १९९३ मध्ये स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर ठेवून तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या, साठ मिनिटांच्या कॅसेटवर. २००५ मध्ये घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मी मोठ्या हौसेने ती कॅसेट वायर जोडून कॉम्प्युटरवर घेतली आणि सीडी 'जाळली'. वर छापील स्टिकर चिकटवलं, 'आजीच्या ओव्या'. सीडी बाबांच्या कपाटात गेली आणि तिथेच राहिली. आता ती कार्यक्रमात वाजवायची होती.

माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. हल्ली कोणाच्याच नसतो. पण बाबांचा तो २००५ सालचा असेम्बल केलेला डबा अजून चालतो. एक्सपी आहे, इंटरनेटला जोडलेला नाही, बाबा त्यावर जमाखर्च लिहितात आणि पत्ते खेळतात. त्याला कॉम्बो ड्राइव्ह आहे, म्हणजे सीडी लिहिणारा आणि डीव्हीडी नुसती वाचणारा. बाबांना फोन केला. म्हणाले, "त्याचा ट्रे उघडत नाही रे. आणि माय कॉम्प्युटरमध्ये तो दिसतसुद्धा नाही आता."

मग मी चौकशी सुरू केली. एका दुकानदाराला फोन केला. "दिसत नाही म्हणजे ड्राइव्ह गेलाय. आता सीडी कोण वापरतं साहेब? डबाच काढून टाका." कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या एका भावाला विचारलं. "गेलाय तो." ऑफिसातल्या एकाने तर ड्राइव्हसोबत सीडीचीही विल्हेवाट लावली. "वीस वर्षांची सीडी? ती पण गेली समज." भावंडांच्या ग्रुपवर 'सीडीला टूथपेस्ट लावून बघ' इथपासून 'फ्रिजरमध्ये ठेव' इथपर्यंत सल्ले आले. शेवटी एकाने लिहिलं, "जाऊ दे रे, आजीचा फोटो लावू मोठा."

यातल्या एकानेही मला एकसुद्धा प्रश्न विचारला नव्हता. ट्रे उघडताना मोटरचा आवाज येतो का? कॉम्प्युटर सुरू होताना ड्राइव्हचं नाव पडद्यावर येतं का? कधीपासून दिसत नाही? त्याआधी कॉम्प्युटरवर कोणी काही केलं होतं का? नाडी न बघता काढा देणारा वैद्य आपण घरात घेत नाही. मग यंत्राच्या बाबतीत हे कसं चालतं?

दिवाळीत घरी गेलो आणि फराळाचं ताट घेऊन त्या डब्यासमोर बसलो.

पहिला प्रश्न ट्रेचा. बटण दाबल्यावर आतून 'घर्रर्र' आवाज यायचा, पण ट्रे बाहेर येत नव्हता. म्हणजे वीज पोचतेय, बटण चालतंय, मोटर फिरतेय, फक्त तिचं फिरणं ट्रेपर्यंत जात नाहीये. बऱ्याचशा ड्राइव्हना पुढच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं. कॉम्प्युटर बंद करून त्यात कागदाला लावायची क्लिप सरळ करून हळूच ढकलली, की ट्रे हाताने बाहेर ओढता येतो. ओढला. आत एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी निघाली. किती वर्षं बिचारी कोंडून होती कोण जाणे! मग ड्राइव्ह काढून उघडला. मोटरपासून ट्रेच्या दातेरी चाकापर्यंत एक बारीक रबरी पट्टा असतो, बांगडीपेक्षाही लहान. वीस वर्षांत तो सैल पडून घसरत होता. बस, एवढंच!

तो पट्टा घेऊन राजवाड्याजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. लहानपणी बाबांबरोबर रेडिओ घेऊन त्यांच्याकडे जायचो. आता सत्तरी उलटलीये त्यांची. त्यांनी पट्टा बोटात ताणून पाहिला, एक खण उघडला, त्यातून टेपरेकॉर्डरचे पंचवीस-तीस पट्टे काढले आणि एकेक जुळवत बसले. चौथा की पाचवा बरोबर बसला. वीस रुपये. मी पन्नास देऊ केले तर घेईनात. निघताना ते एक वाक्य बोलले, ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणाले, "बघायचे पैसे कोणी देत नाही ना, म्हणून आता कोणी बघत नाही."

या वाक्याकडे परत येतोच. आधी दुसरा प्रश्न.

ट्रे तर आत-बाहेर व्हायला लागला, पण माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हचा पत्ता नाही. इथेच सगळे 'गेलाय' म्हणतात. आता कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबून बायॉसमध्ये गेलं, की जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. त्यात ड्राइव्हचं नाव ठळक होतं. विंडोज सुरू व्हायच्या आधीच मदरबोर्ड त्याला ओळखतोय, म्हणजे वीज ठीक, केबल ठीक, ड्राइव्ह जिवंत. आंधळं झालंय ते विंडोज. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघितलं तर ड्राइव्हच्या नावापुढे पिवळं चिन्ह आणि 'कोड ३९'.

एक्सपी वापरलेल्यांना हे दुखणं आठवत असेल. सीडी लिहिण्याची सॉफ्टवेअर विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये आपली माणसं बसवत. त्यांना फिल्टर म्हणतात. रजिस्ट्रीत 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' अशा दोन नोंदींमध्ये त्यांची नावं असतात. सॉफ्टवेअर अर्धवट काढून टाकलं, की माणूस जातो पण नोंद राहते. मग विंडोज त्या न सापडणाऱ्या माणसाला हाका मारत बसतं, आणि तो येत नाही म्हणून ड्राइव्हच नाकारतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तो मागे आला होता ना, त्याने कॉम्प्युटर साफ करून दिला. नको ते सगळं काढून टाकलं." (नाव घेत नाही म्हटलं ना! पण तोही हे वाचतोय.) आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवली, मग त्या दोन नोंदी काढल्या आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. ड्राइव्ह हजर!

आता माझ्या व्यवहारी मित्रांनो, इथे जरा थांबा. तुमचा सल्ला ऐकून मी हजार-बाराशेचा नवा ड्राइव्ह आणला असता तर काय झालं असतं? तोही दिसला नसता! कारण त्या नोंदी एका ड्राइव्हच्या नसतात, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या अख्ख्या जातीच्या असतात. यूएसबीवाला बाहेरून जोडला असता तरी तेच. मग तुम्ही म्हणाला असतात, 'मदरबोर्ड गेलाय, फेकून द्या.' आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! निदान न करता भाग बदलणं हा स्वस्त उपाय नसतोच. तो फक्त आपल्याला डोकं चालवावं लागत नाही म्हणून स्वस्त वाटतो.

आणि ही फिल्टरची भानगड फक्त आमच्या घरातली नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीने आपल्या काही गाण्यांच्या सीडींमध्ये नक्कल रोखणारं सॉफ्टवेअर घातलं होतं. सीडी कॉम्प्युटरवर वाजवायला गेलं, की ते आत शिरून लपून बसायचं. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी आपल्या ब्लॉगवर (होय, ब्लॉगवर!) ते उघडकीला आणलं. ते ओबडधोबडपणे काढायला गेलं तर सीडी ड्राइव्ह विंडोजमधून गायब व्हायचा. बरीच बोंबाबोंब झाल्यावर नोव्हेंबरमध्ये कंपनीने त्या सीडी परत मागवल्या. त्या काळात ज्यांचे ड्राइव्ह असे 'गेले' आणि ज्यांनी मुकाट्याने नवे आणले, त्यांना बिघाड कोणी घडवला हे कधीच कळलं नसेल. 'गेलाय' म्हणणाऱ्याला 'कोणामुळे?' हा प्रश्न पडत नाही. आणि तो पडला नाही, की दोषी कायम मोकळा सुटतो.

असो. तिसरा प्रश्न. ड्राइव्ह दिसायला लागला, आता वाचतो का? आजीची सीडी लगेच घालायची छाती झाली नाही. आधी घरातल्या दुसऱ्या तबकड्या घेतल्या. एक सिनेमाची डीव्हीडी, एक दुकानातून आणलेली नाट्यगीतांची सीडी आणि एक घरी लिहिलेली फुटकळ सीडी. डीव्हीडी झकास चालली. दोन्ही सीडींवर मात्र टकटक, टकटक, आणि मग 'कृपया डिस्क घाला'.

डीव्हीडी वाचतो पण सीडी नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण आमच्यासारख्या ड्राइव्हमध्ये दोन वेगळे लेसर असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. डोळा एक, दृष्टी दोन म्हणा ना. एक लेसर थकला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो. दोघांच्या वाटेत भिंग मात्र एकच. त्यावर धूळ बसली, की जो अशक्त असेल तो आधी हात टेकतो. ड्राइव्ह उघडाच होता, वीज काढलेली होती (हे महत्त्वाचं, तो लेसर चालू असताना आत डोकावू नये, सीडीवाला तर डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही). कापसाच्या काडीला थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून भिंगावरून अलगद फिरवली. काडी काळी झाली. वाळू दिलं, जोडलं, नाट्यगीतांची सीडी घातली आणि साताऱ्याच्या घरात ऑर्गन वाजला. बाबा आतून ओरडले, "झाला का रे?"

झाला होता. पण खरा प्रश्न चौथा होता, खुद्द आजीची सीडी.

इथे मला माझ्यावरच चिडायचंय. दुकानातली गाण्याची सीडी आणि घरी लिहिलेली सीडी दिसायला सारख्या असल्या तरी दोन वेगळ्या जाती आहेत. दुकानातल्या सीडीत खळगे साच्याने ठोकलेले असतात. घरच्या सीडीत खळगेच नसतात. एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो, लेसर तो जागोजागी भाजतो आणि ते डाग म्हणजे आपला मजकूर. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो रंग वर्षानुवर्षं उतरत जातो. शिवाय सीडीचा जीव आपण जपतो त्या चकचकीत बाजूला नसतोच! तिथे एक मिलिमीटरहून जाड प्लॅस्टिक असतं. रंगाचा आणि परावर्तनाचा थर असतो वरच्या बाजूला, नावाच्या लगेच खाली, लाखेच्या एका पातळ पापुद्र्याआड. आणि मी काय केलं होतं? नेमकं तिथे चिकट स्टिकर लावलं होतं! बाबा म्हणाले, "ते काढून बघ." म्हटलं, हात लावू नका. स्टिकरबरोबर थर निघून आला, तर आजी स्टिकरवर जाईल.

टूथपेस्टवाल्यांसाठी खुलासा: टूथपेस्टने वरचं प्लॅस्टिक थोडं घासलं जातं, म्हणून खालच्या बाजूच्या उथळ चरा कधीकधी सुधारतात. आमच्या सीडीवर चराच नव्हता. कपाटात होती ना ती! रोग रंग उतरण्याचा आणि औषध दात घासण्याचं. आणि सीडी पुसायचीच असेल तर मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. मजकूर गोल फिरत लिहिलेला असतो. आडवी रेघ पडली तर प्रत्येक फेऱ्यातलं चिमूटभर जातं आणि ते भरून काढायची सोय सीडीतच केलेली असते. फेऱ्याच्या दिशेने लांब चरा पडला, की एका जागचं सलग जातं आणि ती सोय हात वर करते.

तर सीडी घातली. फाइल दिसली, अठ्ठावन्न मिनिटांची. कॉपी करायला लावली तर अध्येमध्ये अडकून शेवटी 'वाचता येत नाही' म्हणून अख्खी फाइल नाकारली. 'ती पण गेली समज' म्हणणारा माझ्या डोळ्यांसमोर आला. विंडोजचं वागणंही त्याच्यासारखंच. एक कण वाचता आला नाही, की संपूर्ण गोष्ट नाही म्हणायचं.

पण वाचण्याची दुसरी रीतही आहे. जीएनयूचं डीडीरेस्क्यू नावाचं एक फुकट साधन आहे. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि कुठलं राहिलं त्याचा नकाशा लिहून ठेवतं. मग राहिलेल्या जागांवर परत परत येतं. गंमत म्हणजे तोच नकाशा घेऊन पुढचा प्रयत्न दुसऱ्या ड्राइव्हवर करता येतो, म्हणजे एकाला जे जमलं नाही तेवढंच दुसरा वाचून बघतो. पुण्याला परत आलो तो सीडी आणि बाबांचा ड्राइव्ह, दोन्ही पिशवीत घालून. एक नवा यूएसबी ड्राइव्ह विकत घेतला. (घेतला की नाही नवा? मी नव्याच्या विरुद्ध नाही हो, बघितल्याशिवाय घेण्याच्या विरुद्ध आहे.) रात्रभर चालवला. सकाळी साधारण २,९०० सेक्टर राहिले होते. एक सेक्टर २,०४८ बाइटचा, आणि न दाबलेल्या आवाजाच्या एका सेकंदाला असे सुमारे ८६ लागतात. म्हणजे आजीची अर्ध्या मिनिटाहून थोडी जास्त नाही.

मग बाबांचा तो 'गेलेला' ड्राइव्ह यूएसबीच्या जोडणीवर बसवला आणि तोच नकाशा त्याला दिला. दोन रात्री तो कुरकुरत, थांबत, परत फिरत बसला. तिसऱ्या सकाळी राहिले होते ३४४. चार सेकंद!

नव्या कोऱ्या ड्राइव्हला जे दिसलं नाही ते वीस वर्षांच्या म्हाताऱ्याला दिसलं. ही सीडी २००५ मध्ये लिहिली होती तीही त्यानेच. हा काही नियम नाही, दर वेळी असं होईल असंही नाही. पण ज्याने लिहिलं त्याच्या नजरेला त्या अक्षराचं वळण ओळखीचं असावं, असं मला आपलं वाटलं. सल्ला ऐकून तो ड्राइव्ह भंगारात दिला असता, तर त्याच्याबरोबर आजीचं ते अर्धं मिनिटही किलोच्या भावाने गेलं असतं.

आता रेडिओवाल्या काकांच्या वाक्याकडे येतो. दुकानदाराची बाजू मला कळत नाही असं नाही. नवा ड्राइव्ह हजाराचा. माझ्यासारखे दोन दिवस घालवून तो बिघाड शोधायला बसला तर गाळ्याचं भाडं कोण देणार? आणि शोधून काढलं, 'काही बदलावं लागलं नाही, दोन नोंदी काढल्या' असं सांगून पाचशे रुपये मागितले, तर आपण काय म्हणू? 'काहीच न करता पाचशे?' भाग बदलला तर आपण हजार देतो, डोकं चालवलं तर शंभर देतानाही हात आखडतो. डॉक्टरला तपासणीची फी देतो, वकिलाला सल्ल्याची देतो, पण दुरुस्तीवाल्याच्या निदानाला मोल नाही. मग ज्यांना निदान येत होतं ते म्हातारे झाले, आणि ज्यांना फक्त भाग बदलता येतो त्यांची दुकानं चालली. 'हल्ली चांगला दुरुस्तीवाला मिळत नाही' असं आपणच वर तोंड करून म्हणतो. मिळणार कसा? आपण त्याला उपाशी मारला.

२०२२च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. चांगलं आहे, हवंच होतं. पण हक्क मागायला आधी प्रश्न पडावा लागतो ना! वस्तू बंद पडल्या पडल्या आपल्या तोंडातून 'गेलाय' निघत असेल तर कंपनीवर डाफरण्यात काय अर्थ? तिला हवं तेच आपण न सांगता करतोय.

आणि आता कबुली. इतका वेळ दुसऱ्यांना झोडपलं, म्हणून ही न देऊन चालणार नाही. आजीची ती मूळ कॅसेट कुठे आहे, असा प्रश्न तुमच्यापैकी कोणाला पडला का? ती २००६ मध्ये मी फेकली. मीच. घराला रंग लावायचा होता, माळा रिकामा करत होतो. खोकंभर कॅसेट निघाल्या. टेपरेकॉर्डरही नीट चालत नव्हता. आई म्हणाली, "अरे, आजीची आहे त्यात." मी म्हणालो, "आई, सीडी केलीये ना! सीडी शंभर वर्षं टिकते." तेव्हा असे दावे सर्रास व्हायचे, आणि मी ते वेदवाक्य मानले होते. कॅसेटची फीत वीस वर्षांनंतरही घरघरत का होईना पण बोलली असती. मी मात्र व्यवहारी होतो. टेपरेकॉर्डर गेलाय, कॅसेटचा जमाना गेलाय, फेकून दे. टेपरेकॉर्डरलाही कदाचित पट्ट्याचाच रोग असेल. काकांच्या खणात त्याचा पट्टा तर नक्कीच होता. वीस रुपये!

म्हणून ते चार सेकंद मला टोचतात. ते ड्राइव्हने घालवलेले नाहीत, सीडीनेही नाहीत. ते मी घालवलेत.

डिसेंबरात कार्यक्रम झाला. आजी बोलायला लागली तेव्हा आधी जात्याची घरघर आली, मग ती खाकरली, मग ओवी. मधे एकदा ती गाता गाता थांबून कोणालातरी ओरडते, "दूध बघ गं, उतू जाईल!" तेव्हा बाबा आणि काका, पंच्याहत्तरीच्या आसपासची दोन माणसं, एकदम हसले आणि मग गप्प झाले. एकेचाळिसाव्या मिनिटाला एका ओवीच्या मध्यात आवाज तुटतो. चार सेकंद काहीच नाही. मी आधी सगळ्यांना सांगायचं विसरलो होतो. पण त्या तुटल्या जागी आत्याने सहज पुढचे शब्द म्हटले, आणि ती चरण पुरा करते न करते तोच आजी परत सुरू झाली. आत्याला ते म्हटल्याचं नंतर आठवतही नव्हतं.

पण प्रत्येक घरात प्रत्येक तुटल्या जागी आत्या बसलेली नसते.

तेव्हा मंडळी, हात जोडून सांगणं आहे. कपाटं उघडा. घरी लिहिलेल्या सीडी, लग्नाच्या व्हिडिओच्या तबकड्या, मुलांच्या बारशाचे फोटो, जे असेल ते बाहेर काढा. वाचता येतंय तोवर दोन ठिकाणी प्रती करा, एक आपल्या घरात, एक दुसऱ्याच्या. प्रत झाली म्हणून मूळ वस्तू फेकू नका. आणि यंत्र अडलं तर 'गेलाय' म्हणण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा. वीज येतेय का? ते दुसऱ्या कोणाला दिसतंय का? दुसरी वस्तू घातली तर चालतंय का? आणि बंद पडण्याच्या आदल्या दिवशी त्याच्याबरोबर कोणी काय केलं होतं? चारही उत्तरं मिळाल्यावर खरंच गेलेलं निघालं, तर खुशाल फेका. मी येतो भंगारवाल्यापर्यंत सोबतीला.

आणि ज्याला हे प्रश्न विचारता येतात असा माणूस तुमच्या गावात अजून दुकान उघडून बसला असेल, तर त्याच्याकडे जा. त्याने काहीही न बदलता तुमची वस्तू चालू करून दिली, तर त्याला बघायचे पैसे द्या. न मागता द्या.

बाबांचा ड्राइव्ह परत डब्यात बसवलाय. आजीच्या ओव्यांच्या प्रती आता सहा घरांत आहेत. ज्याने कॉम्प्युटर साफ केला होता त्याला तर मी मुद्दाम दोन दिल्यात.